सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर: ज्येष्ठांसाठी कितपत सुरक्षित?

प्रश्न (कोथरूडची सून):
माझे सासरे ८३ वर्षांचे असून कोथरूडला एकटे राहतात. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी वरण-भात, भाजी, पोळ्या करून जातात आणि तेच अन्न ते दोन्ही वेळा जेवतात. फ्रिजमध्ये अन्न शिळे होते असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे भाताचे पातेले दिवसभर ओट्यावर झाकून असते आणि रात्री त्याचाच फोडणीचा भात होतो. वास येत नाही आणि चांगले परतून घेतो, मग भीती कसली, असे ते विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर (आहारशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका):
परतल्याने हा प्रश्न सुटत नाही. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवतानाही तग धरतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की रुजून वाढू लागतात. त्या वाढीत तयार होणारे, उलट्या घडवणारे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे फोडणी कितीही कडकडीत असली तरी ते भातात तसेच राहते. वासावर भिस्त ठेवू नये, कारण अशा भाताला वास येईलच असे नाही आणि वयानुसार नाकही मंदावते. उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. त्यात आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील, तर जठरातील आम्लाचा पहाराही ढिला पडतो. तरुण माणूस एका दिवसात सावरतो, तिथे ज्येष्ठांना निर्जलीकरणामुळे रुग्णालय गाठावे लागू शकते.

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांपेक्षा अधिक राहू नये; पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, तापमान ३२ अंशांच्या वर असताना, एकच तास धरावा. रात्रीचा भात पसरट डब्यात काढून तो लवकर निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि जेवताना लागेल तेवढाच, आतपर्यंत वाफ येईल असा एकदाच गरम करावा.

उत्तर (सदाशिव पेठेतील वाचक):
मत बदलण्याच्या भरीस पडू नका. त्यांना शिळे नको आहे ना, मग रात्री मूठभर तांदळाचा ताजा भात लावण्यासाठी लहान विजेचा कुकर आणून द्या. आमच्याकडे वाद तिथेच मिटला. मोड आलेली मटकी मात्र कच्ची देऊ नका. ज्या ऊब-ओलीत मोड येतात त्यातच जंतूही वाढतात, म्हणून उसळ शिजवूनच वाढावी.

कोथरूडची सून:
कुकरची कल्पना त्यांना पटेल असे वाटते. सकाळच्या पोळ्यांचे काय करावे?

उत्तर (आहारशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका):
पोळ्या तुलनेने कोरड्या असल्यामुळे रात्रीपर्यंत डब्यात राहिल्या तरी धोका बराच कमी असतो. वरण आणि ओल्या नारळाची भाजी मात्र भाताइतकीच जपावी. रात्रीचा वाटा मावशींनीच जाण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावा.