उन्हाळ्यात राहता येईल असं देखणं घर: काय जमलं, काय फसलं ते लिहा

नमस्कार मंडळी. मी सेलू तालुक्यातली, जिल्हा वर्धा. यंदा आमचं घरकुल मंजूर झालं. १ लाख २० हजार, तेही हप्त्याहप्त्यानं, अन घर निदान २५ चौरस मीटरचं पाहिजे. आमच्या ह्यांना मोबाईलमध्ये पाहिलेलं पीओपीचं छत अन चकचकीत टाइल्स पाहिजेत. मला काय पाहिजे ते मलाच धड सांगता येत नव्हतं, पण मागच्या मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेली होती, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं अन गांधीजींच्या बापूकुटीत पाय ठेवला तं जीव निवला. मातीच्या भिंती, वर कवेलू, बाहेर खाली उतरलेलं छप्पर, अन भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं अन चरखा. रंगाचा डबा नाही की पडदा नाही, तरी नजर हटत नाही. असं काही आपल्या पैशात, आपल्या इकडच्या सामानात जमते का? ज्यांनी केलं त्यांनी लिहा. फसलं असेल तं आधी ते लिहा, त्याचाच जास्त उपयोग होते.

समुद्रपूरकडचा शेतकरी
ताई, फसलेलं मी सांगतो. विटेच्या भिंतीला आतून मातीचा गिलावा करायचं डोक्यात घेतलं, अन माती फुकट म्हणून आपल्याच वावरातली काळी आणली. पंधरा दिवसात भिंतीला अशा भेगा पडल्या की कोरडवाहू वावरात मे महिन्यात पडतात तशाच, बोट जाईल एवढ्या. आमचे मोठे बाबा पाहून हसले, म्हणे काळी पेरायला अन पांढरी भिंतीला, एवढंही कोणी शिकवलं नाही का तुले. काळी माती पाणी पिऊन फुगते अन वाळली की आकसते, ती भिंतीवर टिकणारच नाही. मग गावातल्या पडक्या घराची पांढरी माती आणली, ती आधीच एकदा भिंतीत राहून आलेली असते. त्यात रेती अन गव्हाचं बारीक कुटार टाकून आठ दिवस भिजत ठेवली, रोज पायानं तुडवली, मग लावली. लावायच्या आधी विटांच्या सांधी खरडून भिंत ओली करा नाही तं गिलावा पापडासारखा सुटते. खालचा दीड फूट सिमेंटचाच ठेवला, कारण फरशी पुसताना पाणी उडते. न्हाणीच्या भिंतीला मात्र माती लावूच नका.
अजून एक, माती कोणती आहे हे पाहायला काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती अन वर पाणी भरा, हलवा अन एक दिवस ठेवा. रेती खाली बसते, गाळ त्याच्यावर, चिकण माती सगळ्यात वर. चिकणच जास्त दिसली तं रेती वाढवा. मला हे भिंत खरडून काढल्यावर समजलं.

लाखनी, भंडारा
आमच्याकडं अजूनही भिंती छुई मातीनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं, पोततात. चुना लावायचा असेल तं रात्री भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, अन पातळ पातळ तीन हात मारा. ओला असताना काहीच दिसत नाही म्हणून लोक जाड थापतात, मग पोपडे निघतात. कपड्याला थोडा लागतोच. म्हणून तं बसल्यावर जिथपर्यंत पाठ टेकते तिथपर्यंत आमच्या आजीच्या घरी गेरूचा पट्टा होता. मी लहानपणी त्याला नक्षीच समजत होती.

मूल, चंद्रपूर
बांबूचा अनुभव लिहितो. टिनाच्या खाली बांबूचे तट्टे ठोकून छत केलं, मधात वीतभर जागा सोडली, दुपारचा फरक पहिल्याच दिवशी जाणवला अन दिसतेही फर्स्ट क्लास. पण वर्ष झालं नाही तं घुण लागला. वरून पिवळी भुकटी पडायची, अंथरुणावर, पाण्याच्या गुंडावर, एकदा तं वरणात. बायको म्हणे हे तुमचं निसर्गाचं घर तुम्हीच खा. चूक ही की बांबू ऐन पावसाळ्यात तोडलेला, कोवळा, अन काहीच प्रक्रिया न केलेला. घुण बांबूमधल्या गोडीवर येतो. दुसऱ्या खेपेला तीन वर्षांच्या वरचा बांबू हिवाळ्यात घेतला अन बोरॅक्स अन बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवला, १०० लिटरला दोन्ही मिळून पाच-सहा किलो, आठवडाभर, अन मग सावलीत वाळवला. अख्खा बांबू असेल तं आतल्या गाठी फोडाव्या लागतात नाही तं औषध आत जात नाही. ते पाणी लेकराबाळांपासून अन ढोरांपासून दूर ठेवा, विहिरीजवळ सांडू नका. शिकायचं असेल तं चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटाकडच्या लोकांना लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र जवळ पडते.

दारव्हा, यवतमाळ
आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडून स्लॅबचं बांधलं अन पहिल्याच उन्हाळ्यात रडायची पाळी आली, दिवसभर स्लॅब तापायचा अन रात्री अकरा वाजता अंगावर वाफ सोडायचा, आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून, मग ते देखणं घर कोणासाठी. आता होळी झाली की स्लॅबवर चुना मारतो, विरवून गाळलेला, चिकटायला थोडा फेविकॉल, दोन हात, दरवर्षी. भाड्याच्या शिडीसकट खर्च हजाराच्या आत. संध्याकाळी अनवाणी गच्चीवर जाता येते आता. गळती असेल तं ती आधी बुजवा, चुना गळती थांबवत नाही.
ज्यांचं घर अजून कागदावर आहे त्यांनी पश्चिमेची भिंत सांभाळा. चार वाजताचं ऊन तिथंच येते, तिकडं न्हाणी नाही तं धान्याची खोली द्या, झोपायची खोली नको. आम्ही नेमकी झोपायची दिली. आता त्या भिंतीपुढं दरवर्षी मांडव घालतो, बांबू अन वर पळसाच्या डहाळ्या. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या अन तुरीच्या वाळल्या काड्या, टाकत नाही, चुलीची एक ठिणगी पुरते.
कूलरमध्ये साध्या गवताऐवजी वाळ्याची ताटी लावली, वासासाठी. पण कूलरच्या समोरची खिडकी उघडी पाहिजे बरं, बंद खोलीत नुसता दमटपणा होते. जुन्या घराची सागवानी दारं मात्र जपली. एका दाराचा जेवायचा टेबल झाला, कड्या-कोयंडे तसेच ठेवले. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी तिथंच हात लावते.

अचलपूरकडून एक काकू
सगळं वाचलं. छान आहे. पण बापे हो, सारवते कोण ते कोणीच लिहिलं नाही. मी चाळीस वर्षं सारवलं, शेण गोळा करण्यापासून कंबर मोडेपर्यंत. मातीची भिंत दर दिवाळीला हात मागते. मुलानं टाइल्स बसवल्या तेव्हा मला वाईट नाही वाटलं, सुटका वाटली. आता फक्त ओसरी सारवायची ठेवली आहे, तीही सून अन मुलगा पाळीपाळीनं करतात, आत शहाबादी फरशी आहे, थंड असते अन पोचारा मारला की झालं. घर सुंदर पाहिजे तं आधी आठवड्याचं काम वाटून घ्या, मग माती आणा.

समुद्रपूरकडचा शेतकरी
काकू, खरं आहे. आमच्या घरी गिलावा मी केला पण दिवाळीचा पोतारा हिनंच मारला. यंदा मी मारतो.

सेलू, वर्धा
सगळ्यांचे आभार. काकूंचं लिहिलेलं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, चूप बसले अन मग म्हणे पीओपी राहू दे. झोपायची खोली पूर्वेला सरकवली, आखणी झालीच नव्हती म्हणून जमलं. फरशी शहाबादी. मातीचा गिलावा फक्त बैठकीच्या एका भिंतीला, त्यावर जावबाई मोर काढते म्हणाली, बाकी सगळीकडं चुना अन खाली गेरूचा पट्टा. पुढच्या हप्त्यासाठी पायाचे फोटो काढायला माणूस यायचा आहे, तोपर्यंत काहीच हलत नाही.
दुपारी गावठाणातली माती बरणीत भरून खिडकीत ठेवली. रात्रीचे नऊ वाजले, पाणी अजून गढूळच आहे.