दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना रिफॉर्मर पिलाटेसचा नेमका उपयोग काय?

खुर्चीबहाद्दर

रोज आठ-नऊ तास कॉम्प्युटरसमोर बैठक. उठताना जांघेत आखडतं, मानेच्या बुडाशी सतत ओझं, आणि खुर्ची सोडल्यावरची पहिली चार पावलं वाकूनच पडतात. तपासणीत हाडांचा-नसांचा दोष निघालेला नाही; हालचाल वाढवा, एवढाच सल्ला आहे. रिफॉर्मर, म्हणजे पिलाटेस या व्यायामपद्धतीतलं यंत्र, त्याचा वर्ग लावायचा विचार आहे. जाणकारांना तीन प्रश्न:

चटईवरच्या पिलाटेसपेक्षा यात वेगळं काय? लांबून तर स्प्रिंगा लावलेला पलंगच दिसतो.
बैठ्या माणसाने कोणते प्रकार करावेत, किती स्प्रिंगांवर?
आठवड्यातून किती वेळा, आणि फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं?

"पोश्चर सुधारतं" हे सगळीकडे वाचून झालंय, तेवढं सोडून सांगा.

सरकती गादी

पलंग म्हणालात ते अगदीच चूक नाही. जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) हे जर्मन गृहस्थ पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या स्थानबद्धांच्या छावणीत होते. तिथल्या पलंगांना स्प्रिंगा बांधून त्यांनी आजाऱ्यांना व्यायाम दिला, अशी कथा सांगतात. आपल्या पद्धतीला ते स्वतः 'कॉन्ट्रॉलॉजी' म्हणत. नाव रुक्ष आहे, पण यंत्राचं वर्णन त्यात आलं: ताकद लावण्यापेक्षा ताबा ठेवण्यावर भर.

रचना साधी. लांब चौकट, तिच्या रुळांवर चाकांनी सरकणारी गादी म्हणजे कॅरेज. एका टोकाला फूटबार, म्हणजे पाय टेकायची आडवी दांडी. त्या टोकाशी कॅरेज चार-पाच स्प्रिंगांनी जोडलेली. दुसऱ्या टोकाच्या पुल्यांवरून दोन दोर येतात, त्यांच्या शेवटी हातापायांत अडकवायचे पट्टे. कॅरेजवर डोक्यासाठी हेडरेस्ट आणि खांद्यांना अडसर म्हणून दोन ठोकळे.

आता खुर्ची काय करते ते बघा. खुबा तासन् तास काटकोनात. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोअस नावाचा स्नायू त्यामुळे आखूड स्थितीत राहतो. नितंबांना काहीच काम नाही. छातीमागचा कणा पुढे गोल, डोकं त्याच्याही पुढे. म्हणजे गरज आहे ती खुबा मागे नेण्याची, छातीमागचा कणा मागे वळवण्याची आणि हातांनी काहीतरी स्वतःकडे ओढण्याची.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. चटईवर ओढायला काही नसतंच. शिवाय चटईच्या पारंपरिक क्रमात पुढे वाकण्याचे, गोल होण्याचे प्रकार भरपूर. जे दिवसभर चाललंय तेच संध्याकाळी परत. रिफॉर्मरवर दोर आहेत, त्यामुळे पाठीच्या वरच्या भागाला आणि खांद्यांच्या मागच्या बाजूला खरं काम मिळतं. दुसरं म्हणजे आडवं होऊन पायांवर भार घेता येतो. उठाबशांत पूर्ण वजन कण्यावरून खाली येतं. इथे भार तुम्ही ठरवाल तेवढा, आणि पाठीला खाली आधार.

तिसरी गंमत स्प्रिंगची. ती जितकी ताणाल तितका विरोध वाढतो, आणि सोडलीत की ओढून नेते. म्हणून ढकलण्याइतकंच, किंबहुना जास्त, काम परतीच्या वाटेवर असतं. कॅरेज परत येताना 'ठक्' आवाज झाला तर समजायचं की त्या फेरीचा अर्धा व्यायाम बुडाला.

चवडा-टाच

वरच्या प्रतिसादाला +१. मी क्रम आणि आकडे देते. स्प्रिंगा सरासरी बांध्यासाठी धरल्या आहेत. तुमच्या शिक्षकांनी कमी-जास्त केल्या तर त्यांचं ऐका.

सुरुवात फूटवर्कने. पाठीवर झोपून पाय फूटबारवर, तीन जड स्प्रिंगा. चवडे, तळव्याचा मध्य, टाचा, प्रत्येकी १०. ढकलताना श्वास सोडायचा, येताना घ्यायचा. बैठ्या लोकांची ठरलेली चूक म्हणजे खांदे ठोकळ्यांवर दाबून कानांकडे चढवणं. ठोकळे फक्त अडवण्यासाठी आहेत, जोर पायांचा हवा. शेवटी पाय सरळ ठेवून एकेक टाच खाली, १०-१० वेळा. दिवसभर घोटाही हललेला नसतो, हे लोक विसरतात.

मग ब्रिज. हेडरेस्ट आधी सपाट करा, नाहीतर सगळा भार दुमडलेल्या मानेवर येतो. तीन स्प्रिंगा, टाचा फूटबारवर, कंबर उचलायची, कॅरेज जागची हलू द्यायची नाही. ८ वेळा. मांडीच्या मागे पेटके आले तर नितंब काम टाळताहेत असं समजा: थोडं कमी उचला, टाचा फूटबारवर खाली दाबा.

पाय पट्ट्यांत घालून दोन स्प्रिंगांवर वर्तुळं, दोन्ही दिशांना ६-६. वर्तुळ ताटाएवढं पुरे. परातीएवढं करायला गेलात की माकडहाड गादीवरून सुटतं आणि कंबर डुलायला लागते.

यानंतरचा प्रकार तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा, म्हणून सावकाश सांगते: लंज. एक मध्यम स्प्रिंग. यंत्राच्या बाजूला जमिनीवर उभं राहायचं, हात फूटबारवर. यंत्राकडच्या पायाचा गुडघा कॅरेजवर टेकवायचा, पाऊल खांद्याच्या ठोकळ्याला टेकलेलं. दुसरं पाऊल जमिनीवर, साधारण फूटबारच्या रेषेत. आता कॅरेज सरकवायची घाई नको. आधी ओटीपोट आत घ्या आणि माकडहाड जमिनीकडे वळवा. बहुतेकांना इथेच, एक इंचही न सरकता, जांघेत ताण जाणवतो. मग कॅरेज मागे सरकवा, वीतभर, जास्तीत जास्त दोन विती. तिथे २० ते ३० सेकंद थांबा, श्वास चालू ठेवा, परत या. दोन्ही बाजूंना ३ वेळा.

यात बिघडतं ते असं: कॅरेज लांब जाते, बघणाऱ्याला वाटतं काय लवचीक माणूस, पण खुबा जागेवरच असतो आणि कंबर मागे मोडलेली असते. ताण कंबरेत जाणवला तर परत फिरा. स्प्रिंग फार हलकी असेल तर कॅरेज पळते आणि तुम्ही हातांवर लटकता. फार जड असेल तर ती पुढेच खेचत राहते, जांघ उघडतच नाही.

आता पाठ. कॅरेजवर लांब बॉक्स ठेवून पोटावर झोपायचं, तोंड पुल्यांकडे, छातीचा वरचा भाग बॉक्सच्या कडेबाहेर. एकच स्प्रिंग. दोर धरून हात मांड्यांकडे ओढत छाती थोडी उचलायची, ६ ते ८ वेळा. नजर खाली रुळांवर. हनुवटी वर केली की छातीमागचा कणा तसाच राहतो आणि मानच मोडते.

शेवटी चेस्ट एक्स्पान्शन. पुल्यांकडे तोंड करून ठोकळ्यांजवळ गुडघ्यांवर उभं राहायचं, एक हलकी स्प्रिंग. सरळ हात मांड्यांच्या किंचित मागे ओढायचे, तिथे धरून डोकं उजवीकडे, डावीकडे, मध्ये, मग हात सावकाश सोडायचे. ४ ते ६ वेळा पुरे. डोकं वळताना हात हलले तर स्प्रिंग कमी करा. खांदे स्थिर ठेवून मान मोकळी फिरवणं हे कॉम्प्युटरवाल्यांना किती जड जातं ते तिथेच कळतं.

पहिले काही आठवडे डोकं उचलून केलेला 'हंड्रेड' (पाठीवर झोपून, हात खाली-वर झुलवत शंभर मोजायचा प्रकार) नको. करायचाच तर डोकं हेडरेस्टवर ठेवून. पाय डोक्यावरून मागे नेणारे प्रकार तर नकोच.

खुर्चीबहाद्दर

एवढं सविस्तर! आभार. एक शंका: वर्गात रंगांनी बोलतात, "एक लाल, एक निळी." ते कसं लावायचं? आणि हलकी स्प्रिंग म्हणजे सोपं, असंच ना?

सरकती गादी

रंग पाठ करू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे. बॅलन्स्ड बॉडीच्या यंत्रांत पिवळी सगळ्यांत हलकी, मग निळी, लाल, आणि हिरवी जड. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर तोच रंग वेगळ्या ताकदीचा असू शकतो. "पूर्ण ताकदीची की अर्ध्या?" असं विचारा. जुनी स्प्रिंग सैल झालेली असते, तेही धरा.

हलकी म्हणजे सोपी हे फूटवर्क किंवा दोर ओढण्यापुरतं खरं. ब्रिजमध्ये तीनऐवजी एक स्प्रिंग ठेवून बघा: कॅरेज पायांखालून निसटू बघते आणि ती धरून ठेवायला मांडीच्या मागच्या स्नायूंचा घाम निघतो. जिथे स्प्रिंग आधार देते तिथे ती कमी केली की काम वाढतं. शिक्षक स्प्रिंग काढतात तेव्हा सवलत मिळाली म्हणून खूश होऊ नका.

शंकासुर

उत्साहावर थोडं पाणी ओततो.

कंबरदुखी आणि पिलाटेस यांवरचा कॉक्रेनचा (वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणारी संस्था) २०१५ चा आढावा असा: फारसं काहीच न करण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि अडचण कमी होते, याला कमी ते मध्यम दर्जाचा पुरावा आहे. इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे, याला ठोस पुरावा नाही. म्हणजे यंत्र आवडलं आणि टिकून राहाल असं वाटलं तर जरूर करा. दुसरं काही नियमाने होत असेल तर ते सोडून इकडे पळायची गरज नाही.

दुसरं, हिशेब. आठवड्याला ५० मिनिटांचे दोन वर्ग म्हणजे १०० मिनिटं. रोज नऊ तास, पाच दिवस म्हणजे ४५ तासांची बैठक. अर्ध्या-पाऊण तासाने उठणं, फोनवर उभ्याने बोलणं, हे वर्गाने भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम सांगितलं आहे. रिफॉर्मर दुसऱ्या रकान्यात बसतो. पहिल्यासाठी भरभर चालणं वगैरे वेगळं करावंच लागेल. कितीदा हा तुमचा प्रश्नही त्यातच सुटला: आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून.

स्प्रिंग तपासा आधी

सगळे व्यायाम सांगताहेत, यंत्रावर चढायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. एकही स्प्रिंग न लावलेल्या कॅरेजवर कधीच पाय ठेवू नये, ती पायाखालून निसटते. उभ्याने चढताना पहिला पाय फूटबारजवळच्या न हलणाऱ्या पट्टीवर, मग कॅरेजवर. उतरताना उलट, कॅरेजवरचा पाय आधी. स्प्रिंग बदलायची तर कॅरेज पूर्ण बंद, म्हणजे फूटबारकडच्या अडसराला टेकलेली असताना, आणि हूक खाचेत बसला की नाही ते बोटाने चाचपून. फूटबारची उंची बदलली की हाताने दाबून बघायचं. दोन्ही दोर ताणून पट्टे समोरासमोर धरा. एक आखूड असेल तर शरीर त्या बाजूला फिरेल आणि दोष तुमच्या कंबरेला लागेल.

गच्च भरलेल्या, संगीताच्या ठेक्यावर पळणाऱ्या वर्गात पहिल्याच दिवशी जाऊ नका. दोन-तीन वेळा एकट्याने किंवा तिघा-चौघांत शिकून घ्या.

हाडं ठिसूळ झाली असतील तर कणा गोल करून वाकण्याचे प्रकार टाळायचे असतात. गरोदरपण असेल तरी आधी सांगा. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा वाढता अशक्तपणा आला तर वर्ग थांबवून डॉक्टर गाठा. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर तडक रुग्णालय.

चवडा-टाच

तिसरा प्रश्न राहिला. आरशात ताठ दिसणं ही कसोटी धरू नका, आरशासमोर सगळेच ताठ होतात. दोन मोजमापं पहिल्या दिवशी लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी परत घ्या.

एक: पलंगाच्या अगदी कडेशी बसून मागे झोपा, एक गुडघा छातीशी कवटाळा, दुसरा पाय कडेवरून सैल लोंबू द्या. लोंबणारी मांडी पलंगाच्या पातळीच्या वर अधांतरी राहिली तर जांघ आखूड आहे. किती बोटं वर, ते मोजा.

दोन: भिंतीला पाठ लावा, टाचा वीतभर पुढे. हनुवटी वर न करता डोक्याचा मागचा भाग टेकतो का? नसेल तर मधलं अंतर मोजा.

खुर्चीबहाद्दर

दोन्ही आत्ताच करून पाहिली. मांडी चार बोटं वर, डोकं दोन बोटं पुढे. उंची सहा फूट आहे, यंत्रावर काही बदल सांगावा लागेल का?

सरकती गादी

हो, आणि पहिल्याच मिनिटाला सांगा. कॅरेज बंद असताना गुडघे छातीत घुसत असतील तर माकडहाड गादीवरून उचललं जातं आणि प्रत्येक फेरीत कंबर गोल होते, म्हणजे खुर्चीचीच आवृत्ती. ज्या दांडीला स्प्रिंगा अडकतात ती, आणि कॅरेज थांबवणारा अडसर, एकेक खाच फूटबारपासून लांब सरकवून घ्या. खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडता कामा नये. दोरही थोडे लांब लागतील. आणि मोजे तळव्याला रबरी ठिपके असलेले घ्या, साध्या मोज्यांनी टाच फूटबारवरून घसरते.