‘निर्जंतुक’ हा शब्द कुठे वापरावा?

प्रश्न : परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी केलेल्या एका मराठी टिपणात ‘हात निर्जंतुक करावेत’, ‘खोली निर्जंतुक करावी’ आणि ‘शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करावीत’ अशी तीन वाक्ये एकाच पानावर आढळली. तिन्ही ठिकाणी हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते फक्त तिसऱ्या वाक्यात तो योग्य आहे, आणि त्याचे कारण शब्दाच्या घडणीतच सापडते. ‘ज्यातून जंतू निघून गेले आहेत ते’ असा या बहुव्रीही समासाचा विग्रह होतो आणि ‘निरर्थक’ या शब्दाप्रमाणे त्याच्या शेवटी ‘क’ आलेला आहे. त्यामुळे ‘थोडेसे निर्जंतुक’ किंवा ‘अधिक निर्जंतुक’ असे म्हणता येत नाही. वस्तू निर्जंतुक असते किंवा नसते. वैद्यकाला अभिप्रेत असलेला अर्थही इतकाच कडक आहे. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू स्पिरिटने मरत नाहीत, म्हणून स्पिरिटने पुसलेली कात्री कितीही चकचकीत दिसली तरी तिला निर्जंतुक म्हणता येणार नाही. ती ऑटोक्लेव्हमध्ये 15 पौंड दाबाच्या वाफेत, 121 अंश सेल्सिअस तापमानाला निदान 15 मिनिटे राहावी लागते. ड्रमवर, म्हणजे हत्यारे ज्यात घालून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात त्या डब्यावर, लावलेल्या फिकट पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की काम झाले, असे नव्या मुली समजतात. वास्तविक त्या रेघांवरून ड्रमला उष्णता लागली एवढेच कळते.

हात तर कधीच निर्जंतुक होत नाहीत, कारण काही जंतूंची त्वचेवर कायमची वस्ती असते. शस्त्रक्रियेपूर्वी कोपरापर्यंत हात घासूनही वर निर्जंतुक हातमोजे चढवावे लागतात ते याचसाठी. तेव्हा तिथे ‘हातांची स्वच्छता’ हाच शब्दप्रयोग ठेवावा, आणि कृती सांगताना साबणाने ‘हात धुणे’ (40 ते 60 सेकंद) व अल्कोहोलयुक्त द्राव ‘हातांना चोळणे’ (20 ते 30 सेकंद) असा भेद करावा. हात मळलेले दिसत असतील किंवा त्यांना रक्त लागले असेल, तर धुण्याला पर्याय नाही. ‘निर्जंतुक करा’ या मोघम आदेशात नेमकी हीच सूचना हरवते.

खोलीसाठी ‘जंतुनाशकाने पुसून घ्यावी’ असे सरळ लिहावे. नामच हवे असेल तर ‘जंतुनाशन’ चालेल. मात्र सांडलेले रक्त आधी टिपून घ्यावे लागते, नाहीतर वॉर्डात ज्याला ‘हायपो’ म्हणतात त्या जंतुनाशक द्रावाची (सोडियम हायपोक्लोराइट) शक्ती रक्तावरच खर्ची पडते. म्हणून ‘सफाई’ आणि ‘जंतुनाशन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

पुरवणी प्रश्न : निर्जंतुक क्षेत्राची कल्पना मावशींना समजावताना आम्ही ‘सोवळे’ हा शब्द वापरतो. त्यांना तो लगेच कळतो. त्याला आपली हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि ती मी आग्रहाने मांडतो. सोवळे एका स्पर्शाने मोडते, तसेच निर्जंतुक कापडाला उघडा हात लागला की ते बाद होते. साम्य एवढ्यापुरतेच आहे. पुढे त्या शब्दामागून ‘विटाळ’ येतो, आणि विटाळ वस्तूपाशी न थांबता माणसाला चिकटतो. एका बाईंच्या खाटेला अडकवलेल्या केसपेपरवर लाल शाईने रोगाचे नाव ठळक लिहिलेले मी एका रुग्णालयात पाहिले आहे. त्या बाईंच्या पाण्याच्या तांब्यालाही कोणी हात लावत नव्हते, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाची, जिच्या रक्ताची तपासणीच झालेली नव्हती, सलाइनची सुई मात्र हातमोजे न घालता काढली जात होती. या एका दृश्यात अन्याय होता आणि धोकाही होता. 1985 नंतर, एचआयव्हीच्या काळात, सर्वच रुग्णांच्या रक्ताबाबत सारखी काळजी घेण्याची पद्धत रूढ झाली ती अशाच चुका टाळण्यासाठी. तिला मराठीत ‘सर्वांसाठी समान खबरदारी’ म्हणावे, असे मी सुचवतो.

मावशींना ‘सोवळे’ सांगण्याऐवजी ‘हिरव्या कापडावरच्या वस्तूला उघडा हात लागला, तर ती वस्तू पुन्हा ड्रममध्ये जाईल’ असे सांगावे. तेही त्यांना तितक्याच लगेच कळते. टिपणातही ‘दूषित’ हे विशेषण सुईला, चादरीला, बोळ्याला लावावे आणि ‘दूषित रुग्ण’ हा प्रयोग सापडेल तिथे खोडून टाकावा.