मल्चिंग पेपर परत कोण घेणार?
लोकांना सवय नाही म्हणून वापरलेल्या वस्तू कंपनीकडे परत येत नाहीत, असं म्हणतात; ते मला पटत नाही. कोडॅकचे एकदाच वापरायचे कॅमेरे परत यायचे, कारण फोटो धुवायला अख्खा कॅमेराच द्यावा लागे. मग त्याचे चांगले भाग नव्या कॅमेऱ्यात बसत.

आमच्या जालना-बीडकडे ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला किलोवर नेतो, त्यांचे प्लास्टिकचे दाणे होऊन पुन्हा पाइप निघतात. पण टरबुजाखालचा मल्चिंग पेपर, म्हणजे ओल टिकावी नि तण वाढू नये म्हणून मातीवर अंथरतात ते पातळ प्लास्टिक? २५-३० मायक्रॉनचा, उन्हाने चिरलेला, ओढला की तुकडाच हातात येतो, वर चिकटलेली माती. धुऊन परवडत नाही म्हणून भंगारवाला हात लावत नाही, आणि पेपर बांधावर जाळला जातो. नव्या बंडलाच्या बिलात जुन्याची सूट मिळाली, तर शेतकरी स्वतः गोळा करून आणेल.