खान्देशच्या रस्त्यांचं फोटो प्रदर्शन: सगळे रस्ते रिकामे कसे?

गिरणाकाठ: जळगावात आपल्याकडच्या जुन्या अन् देखण्या रस्त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय, काल घरच्यांना घेऊन गेलो होतो. कन्नडचा औट्रम घाट, तोरणमाळची वळणं, कोंडाईबारी, आग्रा रोडवरनं दिसणारा लळिंगचा किल्ला. फोटो एक नंबर, वादच नाही. पण भो, एकाही रस्त्यावर माणूस नाही! ना ट्रक, ना ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, ना बाजाराची खच्चून भरलेली जीप. हे ड्रोनचं कौतुक झालं, रस्त्याचं नाही.

भरीतपुरी: काहीही भाऊ. खान्देश म्हटलं की लोकांना केळी अन् मे महिन्याचं ऊन, एवढंच आठवतं. कोणी पावसाळ्यातला तोरणमाळ दाखवून राहिलं तर त्यातही खोट काढा. चार लोक फोटो पाहून यशवंत तलावावर आले तर शहाद्याच्या हॉटेलवाल्याचाच धंदा होईल ना.

चाळीसगाव_एक्सप्रेस: औट्रम घाटाचा रात्रीचा मोठा फोटो पाहिला का, दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघांचा? शटर बराच वेळ उघडं ठेवलं की चालत्या गाडीची रेघ उमटते, जाममधली गाडी नुसता ठिपका राहते, अन् आम्ही आयुष्यभर ठिपकेच पाहिलेत. ३१ ऑगस्ट २०२१ ला दरडी कोसळून घाट बंद, २०२३ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं जड वाहनंच बंद केली, बोगद्याचं तर ऐकून ऐकून कान किटले. अन् फोटोखाली काय, तर "स्वर्गाची वाट".

भरीतपुरी: मग काय जाम फ्रेम करून लावायचा?

चाळीसगाव_एक्सप्रेस: लावा की एक तरी.

धुळ्याचा_भाचा: सुंदर दाखवा, पण वर "ऐतिहासिक" लिहिलंय तर इतिहास पण सांगा. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज, धरणगावला तिचं ठाणं. भिल्लांचं बंड मोडायचं अन् मग त्यांनाच वर्दी चढवायची, असा तो कारभार. एक ओळ नाही. लळिंगचा सूर्यास्त आहे, पण तिथल्याच लांडोर बंगल्याचं नाव नाही. १९३७ ला बाबासाहेब केससाठी धुळ्याला आले तेव्हा तिथं थांबले होते, दर ३१ जुलैला आजही लोक जमतात.

सातपुडा_फिरस्ता: मी पण फोटो काढतो (या प्रदर्शनात माझा एकही नाही, आधीच सांगतो). फ्रेममध्ये ट्रक आला की नजर ट्रकवरच जाते. वळण कसं काढलंय, कठडा कुठं दिलाय, पाण्याची मोरी कुठं सोडलीय, हे रिकाम्या रस्त्यातच दिसतं. माणसांचे फोटो हा वेगळा विषय, दोन्ही एकाच भिंतीवर कोंबू नका. इतिहासाचं मात्र पटलं, तेवढं लिहायला काय जात होतं.

गिरणाकाठ: मोऱ्या दिसल्या असत्या तर मी गप बसलो असतो. पाऊण फोटो आभाळ आहे हो.

भरीतपुरी: माले काय पटनं नही, पन रविवारले जाई येसू. गाडी लावायला जागा आहे का तिथं?

गिरणाकाठ: नाही. रिक्षानं जा.