शो कुणाचा? नाव ज्याच्याकडे त्याचा, की आवाज ज्याचा त्याचा?

खिडकीतला

काल एका मित्राशी यावरून तासभर वाजलं, म्हणून विषय इथे आणतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बेन क्रॉशॉ ऊर्फ यॉट्झी, मूळचा इंग्लंडचा, तेव्हा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला राहायचा. २००७च्या जुलैत त्याने व्हिडिओ गेमची सालटी काढणारे दोन व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. पिवळाजर्द पडदा, त्यावर लहान मुलाने काढल्यासारखी माणसं, आणि मागे श्वास न घेता सुटलेला आवाज. 'एस्केपिस्ट' या गेमिंग मासिकाने त्याला लगेच उचललं. तिथून पुढे १६ वर्षं, दर बुधवारी, 'झिरो पंक्चुएशन', म्हणजे शून्य विरामचिन्हं. जेमतेम पाच मिनिटांचा भाग, दहापैकी गुण वगैरे भानगड नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये मालक कंपनी गेमर्स ग्रुपने मुख्य संपादक निक कॅलँड्रा याला काढलं. उद्दिष्टं गाठली नाहीत असं कारण दिल्याचं त्यानेच जाहीर केलं. त्याच्या पाठोपाठ व्हिडिओवाली मंडळी राजीनामे देऊन बाहेर पडली, यॉट्झीसकट. काही दिवसांत त्यांनी 'सेकंड विंड' नावाने स्वतःचं दुकान थाटलं, प्रेक्षकांच्या वर्गणीवर. शोचं नाव मात्र कंपनीकडेच राहिलं. मग तोच माणूस 'फुली रॅम्ब्लोमॅटिक' या नावाने बुधवारी येऊ लागला.

आता माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: नाव कंपनीकडे राहिलं हे योग्यच झालं.

एक, १६ वर्षं दर आठवड्याला पैसे कुणीतरी मोजत होतं ना? पगार घेताना शो कंपनीचा आणि निघताना माझा, असं चालत नाही. दुसरं, 'झिरो पंक्चुएशन' हे नाव जगभर पोचलं ते एस्केपिस्टमुळे. एकट्याच्या नावांना कोण विचारतं? त्या मासिकाने नसतं उचललं तर हा आणखी एक हौशी चॅनेल म्हणून विरून गेला असता.

ताकपिठं

पहिल्याच मुद्द्यावर असहमत. पगार कामाचा असतो, गळ्याचा नाही. त्या १६ वर्षांत मासिकाचे मालक किती बदलले ते बघा: डेफी मीडिया, मग २०१८ला एन्थुझिअस्ट गेमिंग, मग २०२२ला गेमर्स. शेवटच्या मालकाच्या हाती दुकान येऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. त्याने कोणत्या बुधवारी रात्र जागवली? हा म्हणजे गाय विकत घेऊन दुधाला आपला गुण लागल्याचं सांगण्यातला प्रकार.

खिडकीतला

@ताकपिठं, गाय विकत घेतली तर दूध घेणाऱ्याचंच असतं हो. तुमच्याच उदाहरणात अडकलात. :)

ताकपिठं

गाय दावं तोडून गेली, तुमच्या हातात दावंच उरलंय. त्या दाव्याला धार काढा!

संगीतप्रेमी

हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर हे नाव केवढं! अण्णासाहेबांपासूनची पुण्याई. ते मागेच राहिलं. लोक कुठे गेले? आवाजामागे.

त्यामुळे धागाकर्त्याचं कायद्याचं म्हणणं बरोबर असेलही, पण मायबाप प्रेक्षक करारनामा वाचून तिकीट काढत नाही.

खिडकीतला

अर्धीच गोष्ट सांगितलीत. बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीत कोण आलं? दीनानाथ मंगेशकर. म्हणजे नावात दम असेल तर ते नवा आवाज शोधू शकतं.

संगीतप्रेमी

आणि दीनानाथ १९१८मध्ये बाहेर पडून बलवंत मंडळी काढते झाले, हे सांगायचं विसरलात. नवा आवाजही टिकत नाही, मुद्दा तोच आहे.

मधली_सुट्टी

माझा अनुभव सांगते. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत (नाव नको) मी चार वर्षं सदर लिहिलं. सदराचं नाव माझं, चौकटीतलं छोटं चित्रसुद्धा मीच काढून दिलेलं. मानधनावरून वाजलं आणि मी थांबले. पुढच्या रविवारी चहा घेताना पुरवणी उघडली तर तेच नाव, तेच चित्र, आणि खाली भलत्याच माणसाचा मजकूर. आईने तर फोन करून सांगितलं, "आजचा लेख बरा नाही गं जमला."

तेव्हापासून 'कंपनीचा हक्क' हे शब्द ऐकले की मला तो चहा आठवतो. करारावर सही मीच केली होती, हेही खरं. करार वाचला नव्हता.

खिडकीतला

ताई, आईंचा फोन जबरी. पण शेवटची दोन वाक्यं माझ्या बाजूची आहेत.

मधली_सुट्टी

म्हणूनच लिहिली. मला रागही येतो आणि दोषही द्यायचा नाहीये. दोन्ही.

खडूस_काका

तुम्ही सगळे मढ्याच्या टाळूवरच्या लोण्यावरून भांडताय. माझ्या मते या शोने गेमच्या परीक्षणाचं नुकसानच केलं. त्याच्यानंतर प्रत्येक पोरगं माइकसमोर भराभर बोलून शिव्या घालायला लागलं. खेळ कसा चालतो, कुठे गंडला, हे सांगायचं सोडून उपमांची आतषबाजी. आणि लोकांना विनोद तरी कळतो का? २००८मध्ये 'द विचर' या गेमच्या परीक्षणात त्याने पीसीवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांचा, तोरा चिमटीत पकडायला 'पीसी मास्टर रेस' (पीसीवाल्यांचा श्रेष्ठ वंश) असा शब्द वापरला. टोमणा होता. त्याच पीसीवाल्यांनी तो छातीवर बिल्ल्यासारखा लावला!

ताकपिठं

काका, टोमणा न कळणाऱ्यांचं पाप बोलणाऱ्याच्या माथी कशाला? आणि नुसत्या शिव्या म्हणता, तर 'पोर्टल'चं काय? २००७मध्येच त्याने कबूल केलं की या खेळात खोड काढायला जागा सापडत नाही. सतत खोड काढणाऱ्याने असं म्हटलं की लोक कान टवकारतात. दर खेळाला दहापैकी नऊ वाटणाऱ्यांना ते कसं साधणार?

खडूस_काका

एक पोर्टल दाखवून १६ वर्षं धुऊन निघत नाहीत. असो, माझा नातू बघतो. मी शेजारी बसतो, इतकंच.

पेठेतला

अवांतर: २००८ला आम्ही हॉस्टेलवर चौघं एका कॉम्प्युटरसमोर बसून हे बघायचो. नेट असं की व्हिडिओ आधी थांबवून ठेवायचा, करडी पट्टी अर्ध्यावर आली की सुरू करायचा, तरी मध्येच चकरी फिरायची. त्यामुळे जगातली एकमेव विरामचिन्हांसकट आवृत्ती आम्ही पाहिली. चकरी फिरताना कळलेल्या विनोदावर हसून घ्यायचं. आमच्यातला एक म्हणायचा, हा इंग्रजीतली मोडी बोलतो: ना विरामचिन्हं, ना दोन शब्दांत जागा, ज्याला वाचता येतं त्यालाच येतं.

मूळ विषयावर: नाव बदललं तेव्हा मला महिनाभर चुकल्यासारखं वाटलं. आता नव्या नावाचीच सवय झालीय.

मोडका_जॉयस्टिक

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. 'एक्स्ट्रा क्रेडिट्स' या दुसऱ्या व्हिडिओ शोवाले २०११मध्ये पैशांवरून बिनसल्यावर याच मासिकातून बाहेर पडले आणि आपलं नाव बरोबर घेऊन गेले. म्हणजे एकाच घरातून एक जण नाव घेऊन निघाला, एक न घेता. तेव्हा 'योग्य-अयोग्य' सोडा, कुणी काय लिहून दिलं होतं एवढाच हिशेब.

आणि धागाकर्ते, तुमचा दुसरा मुद्दा, की एकट्याच्या नावांना कुणी विचारत नाही. 'फुली रॅम्ब्लोमॅटिक' हे नाव २०२३मध्ये शोधलेलं नाही. यॉट्झीच्या जुन्या वैयक्तिक वेबसाइटचं ते नाव. एस्केपिस्टच्या आधीपासूनचं. तिथे तो लेख टाकायचा, स्वतः बनवलेले साहसी गेम ठेवायचा. कंपनीकडे जे नाव राहिलं ते राहिलं, तो माळ्यावरची स्वतःची जुनी पाटी पुसून घेऊन आला.

खिडकीतला

हे खरंच माहीत नव्हतं. मुद्दा क्रमांक दोन मागे घेतो. एक नाही.

ताकपिठं

अर्धं दूध आलं म्हणायचं.