नार्निया कुठल्या पुस्तकापासून सुरू करू? लेकीला वाचून दाखवायचंय

रात्रीची_गोष्ट
नमस्कार मंडळी. पुस्तक प्रदर्शनातून नार्नियाच्या सातही पुस्तकांचा संच घेतला. लेक ९ वर्षांची आहे, रोज झोपायच्या आधी अर्धा तास वाचायचं ठरलंय, वाचायचं इंग्रजीतून आणि अडेल तिथं मराठीत सांगायचं. आता घोळ असा की संचात 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ नंबर छापलाय आणि मी कॉलेजात असताना लायब्ररीतून आणून जे पहिलं वाचलं होतं, म्हणजे कपाटाचं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', ते इथं २ नंबरला. मी ते होस्टेलच्या खोलीत वाचत होतो, ल्युसी कोटांमधून पुढं पुढं जाते आणि कपाटाची पाठ हाताला लागतच नाही, ते पान मी तीनचार वेळा परत वाचलं होतं, बाहेर मुलं जेवायला हाका मारत होती तरी उठलो नाही. तिला तेच मिळावं असं फार वाटतंय. तर छापलेल्या नंबरानं जाऊ की माझ्या आठवणीनं? आणि हे संपल्यावर अशीच दुसऱ्या जगात नेणारी दारं असलेली ब्रिटिश पुस्तकं कोणती वाचावीत तेही सांगा.

पोटमाळा
दादा, कपाटापासूनच सुरू करा, नंबर बघूच नका. हे नंबर नंतरचे आहेत. कपाटाचं पुस्तक आलं १९५० ला, मग दरवर्षी एक करत १९५६ ला सातवं. मॅजिशियन्स नेफ्यू १९५५ चं, म्हणजे सहावं आलेलं. त्यातली गोष्ट काळानं सगळ्यात आधीची, म्हणून १९९४ पासून प्रकाशकांनी त्याला पहिला नंबर द्यायला सुरुवात केली आणि आता सगळीकडे तेच संच मिळतात.

आता बघा, ल्युसी बर्फाळ जंगलात येते आणि मधोमध एक दिव्याचा खांब जळत असतो, रस्ता नाही, घर नाही, नुसता खांब. माझ्या भाचीनं तिथंच मला थांबवलं होतं, मावशी हा इथं कोणी लावला? लेखक सी. एस. लुईसनं त्याचं उत्तर पाच वर्षांनी दिलं. कपाट कुठल्या लाकडाचं तेही तेव्हाच सांगितलं. नंबराप्रमाणे गेलात तर ही उत्तरं तिला आधीच मिळतील आणि प्रश्न पडणारच नाही. आणखी एक, अस्लान, म्हणजे त्या सिंहाचं नाव पहिल्यांदा निघतं तिथं लुईस वाचणाऱ्याला सरळ म्हणतो की तो कोण हे तुमच्याइतकंच त्या मुलांनाही माहीत नव्हतं. हे वाक्य ज्यानं आधी काहीच वाचलं नाही त्याच्यासाठीच आहे ना.

आणि ते कपाटाचं पान घाईत वाचू नका. रिकामी खोली, खिडकीत एक मेलेली माशी, दार उघडल्यावर दोन डांबराच्या गोळ्या खाली पडतात. मग आत गेल्यावर पायाखाली काहीतरी कुरकुरतं, तिला वाटतं अजून गोळ्याच असतील, खाली वाकून हात लावते तर भुसभुशीत आणि गार. दुसरं जग त्या डांबराच्या गोळ्यांवरून येतं! एवढ्या साध्या वस्तूवरून नेलंय की कधी ओलांडलं ते आपल्यालाही कळत नाही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, आपल्या मुलांना कपाट म्हटलं की कप्पेवालं लोखंडी कपाट दिसतं, त्यात माणूस शिरणार कसा. आधी सांगून ठेवा की हे नुसते लांब कोट टांगायचं, कप्पे नसलेलं, खोलीएवढं लाकडी कपाट आहे.

शिवणगाव_एक्सप्रेस
मी नंबराप्रमाणेच वाचलं आणि मला आवडलं. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलानं लुईसला पत्र लिहून विचारलं होतं, आधी मॅजिशियन्स नेफ्यू वाचावं असं त्या मुलाचं म्हणणं होतं आणि लुईसनं त्याचीच बाजू घेतली. पुढं असंही लिहिलं की क्रमानं फारसा फरक पडत नसावा. त्या पुस्तकातलं जगांच्या मधलं जंगल मला कपाटापेक्षा जास्त आवडतं, नुसती झाडं, शांतता आणि सगळीकडे छोटी छोटी डबकी, एकेका डबक्यात उडी मारली की एकेक जग. त्या शांततेत झोपच येते. मी आजारपणात वाचलं होतं, आजही ताप आला की ते जंगल आठवतं.

पोटमाळा
पत्र खरं आहे, पण लुईसनं ते ज्या मुलाला लिहिलं त्यानं पुस्तकं आधीच वाचलेली होती हो. दुसऱ्यांदा वाचताना कुठूनही सुरू करा. पहिल्यांदाचं एकदाच होतं.

आई_अभ्यास_घेते
क्रमाचं झालं, मी वेगळं सांगते. पहिल्याच पानावर ती चार भावंडं लंडनहून खेड्यात पाठवली जातात, हवाई हल्ल्यांमुळे. इथं दोन मिनिटं थांबून लेकीला सांगा. सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, त्यात बहुतेक मुलंच, ब्रिटनच्या शहरांतून बाहेर हलवली होती, गळ्यात नावाची चिठ्ठी, आईवडील मागं. ऑक्सफर्डजवळ लुईसच्या स्वतःच्या घरी अशा मुली राहायला आल्या होत्या. अनोळखी माणसाचं अनोळखी घर आणि पावसाचा दिवस, म्हणून तर ती मुलं खोल्या उघडत फिरतात. आणि त्यांच्यातला एक भाऊ एडमंड टर्किश डिलाइटसाठी भावंडांना विकतो ह्यावर माझा मुलगा खूप चिडला होता, एका मिठाईसाठी? तेव्हा त्याला सांगितलं की तिथं १९४२ पासून १९५३ पर्यंत, मधले काही महिने सोडले तर, गोड खाऊवर रेशन होतं. पुस्तक आलं तेव्हाही होतं. तो गप्प बसला, मग म्हणाला, तरी चूकच.

दोन गोष्टी मात्र आधी स्वतः वाचून ठेवा. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये पगडीवाले सावळे लोक जवळजवळ सगळे क्रूर किंवा लबाड दाखवलेत, आपल्या मुलांना ते टोचतं आणि टोचायलाच हवं. आणि शेवटच्या पुस्तकात थोरल्या बहिणीला, सुझनला, नार्नियाचं दार बंद होतं, कारण काय तर तिला लिपस्टिक आणि नायलॉनचे मोजे आवडायला लागले. मी मुलीला वाचून दाखवताना तिथं थांबले आणि हे मला पटत नाही असं स्पष्ट सांगितलं. माझं नार्नियावर प्रेम आहे म्हणूनच सांगितलं.

मँचेस्टरचा_पाऊस
नोकरीनिमित्त सात वर्षं इथं आहे. नार्नियानंतर ॲलन गार्नरचं 'एलिडॉर' घ्या, १९६५ चं. मँचेस्टरमधली जुनी वस्ती पाडायचं काम चाललेलं, चार भावंडं तिथं हिंडताना एका पडक्या चर्चमधून पलीकडे जातात. तिथून चार खजिने घेऊन परत येतात आणि इकडे आल्यावर त्या भाल्याचा होतो कुंपणाचा लोखंडी गज, तलवारीच्या दोन लाकडी पट्ट्या, दगडाचा साधा दगड आणि कढईचा तडा गेलेला कप. हे चौघं ते सामान बागेत पुरून ठेवतात तर घरातला मिक्सर आणि बाबांचं शेव्हर प्लग काढलेला असताना आपोआप चालू होतं, टीव्ही बिघडतो. नार्नियात आपण तिकडे जातो, इथं तिकडचं आपल्या घरात शिरायला बघतं, आणि तेही घराच्या पुढच्या दारातून, कारण धाकट्या रोलंडनं तिकडे असताना आत शिरायला वाट हवी म्हणून स्वतःच्या घराचं दार मनात आणलेलं असतं आणि ते तिथं तसंच राहून गेलेलं असतं. मी हे हिवाळ्यात एकटा असताना वाचलं, चार वाजताच अंधार, खाली दाराशी जरा खुट्ट झालं की छातीत धस्स व्हायचं. ९ वर्षांच्या लेकीला जड जाईल, अकरा-बारापर्यंत थांबा.

त्याआधी 'टॉम्स मिडनाइट गार्डन' वाचा, फिलिपा पिअर्सचं, १९५८ चं. घड्याळ तेराचे टोले देतं आणि दिवसा जिथं कचऱ्याचे डबे असतात तिथं रात्री मागचं दार उघडलं की बाग असते. त्याचा शेवट वाचताना माझा आवाज बसला होता, एवढंच सांगतो.

शिवणगाव_एक्सप्रेस
मोठी झाली की फिलिप पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स'. त्याला नार्निया अजिबात पटत नाही, त्यानं तसं लिहिलंयही. पण त्याचंही पहिलं पुस्तक (१९९५) सुरू होतं तेव्हा मुलगी कपाटात लपलेली असते. दुसऱ्यात ऑक्सफर्डच्या रस्त्यावर एक मांजर हवेत पंजा मारते आणि दिसेनाशी होते, तिथं दुसऱ्या जगात जायची खिडकी असते. त्या खिडक्या कापायची किंमत काय ते तिसऱ्यात कळतं. माझ्या मते दारांच्या सगळ्या पुस्तकांत तो प्रश्न एवढ्या गंभीरपणे दुसऱ्या कोणीच घेतला नाही.

रात्रीची_गोष्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. काल कपाटापासूनच सुरू केलं. पोटमाळा ताई, डांबराच्या गोळ्यांचं ऐकून वाचनाच्या आधी दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या, वास घेतला, नाक मुरडलं. मग पायाखाली कुरकुरलं त्या ओळीवर ती म्हणाली, गोळ्याच आहेत. पुढची ओळ वाचली आणि तिनं माझा हात घट्ट धरला, काही बोलली नाही.

ल्युसीनं कपाटाचं दार उघडं ठेवलं होतं आणि एडमंडनं ओढून घेतलं हे तिनंच मला दाखवलं, मी इतक्या वर्षांत कधी टिपलं नव्हतं. आणि एडमंड परत येऊन सगळ्यांसमोर सांगतो ना, की आम्ही नुसते खेळत होतो, तिथं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, बाबा, तो तर स्वतः जाऊन आला होता. अर्धा तास कधीच संपला होता, आणखी एक प्रकरण वाचलं. टॉमचं पुस्तक मागवलंय, एलिडॉर आधी मी वाचतो.